‘पूजा’, ‘प्रार्थना’ की ‘उपासना’? आणि भाड्याने ‘घ्यावी’ की ‘द्यावी’?

पार्ल्याच्या एका कॉलेजविद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. वादविवाद स्पर्धेचा विषय तिला इंग्रजीत मिळाला. धार्मिक गट आणि पब्लिक स्कूलची जागा, त्यांनी ती वर्शिपसाठी रेंट करावी का, असा तो विषय. बोलायचं मराठीत. तिने केलेलं भाषांतर असं: ‘धार्मिक गटांनी पूजेसाठी पब्लिक स्कूलची जागा भाड्याने घ्यावी का?’ वाचताना काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते कळत नाही, असं ती लिहिते.

खटकतंय ते बरोबरच आहे. एक सोडून चार ठिकाणी अडखळायला होतं.

‘पब्लिक स्कूल’ आधी काढून टाक. तुझ्या विषयात त्याचा अर्थ सरकारी पैशावर चालणारी शाळा, पण आपल्याकडे वर्षानुवर्षं पब्लिक स्कूल म्हणजे भरपूर फी घेणारी खासगी शाळा. त्यात मुंबई महापालिकेने गेल्या काही वर्षांत आपल्याच शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ अशा पाट्या लावल्यात, म्हणजे घोळ आणखी वाढला. ‘सार्वजनिक शाळा’ हेही कोणी म्हणत नाही. मुंबईकर म्हणतो पालिकेची शाळा, गावाकडे म्हणतात जिल्हा परिषदेची, आणि दोन्ही मिळून बोलायचं तर सरकारी शाळा. तेच लिही. ‘गट’ म्हटलं की गटबाजी आठवते, म्हणून ‘धार्मिक संस्था’ बरं.

आता ‘पूजा’. हा शब्द घेतलास की मूर्ती, फुलं, निरांजन डोळ्यांपुढे येतं, आणि ज्यांच्या धर्मात मूर्तीच नाही ते सगळे पहिल्या वाक्यातच बाहेर पडतात. ‘प्रार्थना’ त्यापेक्षा मोकळा शब्द. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा देऊळ, मशीद, चर्च, विहार यांना एकत्र म्हणायला वर्तमानपत्रांना ‘प्रार्थनास्थळे’ हाच शब्द सापडला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला तोही हेच नाव घेऊन. पण शाळेच्या संदर्भात हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. ‘प्रार्थना झाली का?’ असं शाळेच्या फाटकात धापा टाकत विचारणाऱ्या मुलाला धर्माशी काही देणंघेणं नसतं, त्याला उशिराची शिक्षा चुकवायची असते. ‘शाळेत प्रार्थनेला परवानगी द्यावी का’ असं तू म्हणालीस तर निम्मे श्रोते म्हणतील, ती तर रोजच होते.

म्हणून ‘उपासना’. संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात हाच शब्द आहे. शिवाय तो कुणा एकाचा नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ‘रविवारची उपासना’ सहज म्हणतात, बौद्ध घरांत उपासक-उपासिका आहेत, आणि समर्थांच्या परंपरेत तर तो मुरलेलाच आहे. उप अधिक आस्, म्हणजे जवळ बसणे. मला यातलं ते बसणं फार आवडतं. आपल्याकडे बायका ‘बैठकीला जाते’ म्हणतात तेव्हा त्या नकळत त्याच धातूचा अर्थ मराठीत बोलत असतात.

पण इथे एक खरी अडचण आहे आणि तुझा निम्मा वादविवाद तिच्यातच आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका चर्चने रविवारसाठी शाळा मागितली, आणि १९९५ मध्ये सुरू झालेला त्याचा खटला २०१५ पर्यंत चालला. २०११ च्या निकालात अपील न्यायालयाने रेघ ओढली ती शब्दावर. शाळेत प्रार्थना म्हणायला, स्तोत्रं गायला, धर्मग्रंथ शिकवायला मनाई नाही, मनाई आहे ती ‘वर्शिप सर्व्हिस’ला. म्हणजे सुट्या-सुट्या कृती चालतील, पण त्या बांधून केलेला, धर्माच्या रीतीने सुरू होऊन संपणारा विधी नको. ही रेघ खरंच ओढता येते का, यावर न्यायाधीशांतही मतभेद होते. ३० मार्च २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि चर्चच्या विरोधातला निकाल कायम राहिला. आपल्या ‘उपासना’ शब्दात एकट्याने डोळे मिटून बसणंही येतं आणि दोनशे जणांचा विधीही. म्हणून ‘सामुदायिक उपासना’ असं लिही. विषय त्याच दुसऱ्या गोष्टीचा आहे.

आता क्रियापद. इंग्रजीत भाड्याने घेणं आणि देणं या दोन्हींना एकच शब्द चालतो. मराठी तुला निवड करायलाच लावते. ‘घ्यावी का’ म्हटलंस तर प्रश्न भाविकांच्या विवेकाला आहे. ‘द्यावी का’ म्हटलंस तर तो शासनाच्या कर्तव्याबद्दल आहे. तुझा विषय हा दुसरा प्रश्न आहे. शाळा सगळ्यांच्या पैशांची, म्हणून उत्तर जागा देणाऱ्याने द्यायचं. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, पण रविवारी रिकाम्या सभागृहाचं काय, हे तो अनुच्छेद सांगत नाही. वादाला जागा आहे ती तिथेच.

आणि ‘भाडे’ हा शब्द गाळू नकोस. मुंबईत भाडं म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. खोलीचं भाडं, बसचं भाडं, रिक्षावाल्याला तर प्रवासीच ‘भाडं’. सगळीकडे अर्थ एकच, वापराचा मोबदला, आणि वापर संपला की संबंध संपला. पण कागदावर शब्द येतात ‘देणगी’, ‘सहकार्य निधी’, ‘जागा उपलब्ध करून देणे’. मी एका शाळेत मराठी शिकवत असताना रविवारच्या सत्संगाची पावती पाहिली होती, ‘देणगी’ म्हणून फाडलेली. त्याच सभागृहात शनिवारी कराटे चालायचं, त्याची पावती ‘भाडे’ म्हणून. सोमवारी बाकांखाली झेंडूच्या पाकळ्या सापडायच्या, त्याचं मला काही वाटलं नाही. त्या दोन पावत्यांचं मात्र वाटलं. देणगी देणाऱ्याचे उपकार होतात, आणि मग सत्संगाची तारीख बदला असं मुख्याध्यापकांना म्हणवत नाही. ब्राँक्सच्या खटल्यातही न्यायालयाने हे नोंदवलं होतं की शाळा भाडं घेतच नाहीत, साफसफाईचा खर्च तेवढा घेतात, म्हणजे बाकीचा भार करदात्यांवर.

माझं मत विचारशील तर द्यावी, पण कराटेच्या दराने, सर्व धर्मांना, शाळा सुटल्यावर, आणि पावतीवर ‘भाडे’ लिहून. तू विरोधी बाजूने बोलणार असशील तरी वाक्य हेच ठेव:

‘धार्मिक संस्थांना सामुदायिक उपासनेसाठी सरकारी शाळांची जागा भाड्याने द्यावी का?’