दोन वर्षांच्या मुलीला घेऊन कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडला जावे का?

जावे, मात्र तिचा तिसरा वाढदिवस होण्यापूर्वी जावे, कारण तीन वर्षांखालील मुलांना तेथे तिकीट लागत नाही. आमची मुलगी सव्वादोन वर्षांची असताना आम्ही गेलो होतो, त्यावरून सांगतो: डम्बोचे उडते हत्ती, किंग आर्थरचे घोड्यांचे चक्र आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची संथ होडी यांना उंचीची अट नाही. होडीत मुलीला कडेला न बसवता दोघांच्या मध्ये बसवावे, कारण दोन्ही काठांवरच्या बाहुल्यांपेक्षा तिचे लक्ष पाण्यातच अधिक असते. स्पेस माउंटन या अंधारातल्या वेगवान रोलरकोस्टरसाठी 102 सेंटिमीटर उंची लागते, तेव्हा तेथे प्रवेशद्वारापाशीच ‘रायडर स्विच’ मागून घ्यावे, म्हणजे एक पालक मुलीजवळ थांबतो आणि दुसरा फेरी मारून परतल्यावर थांबलेल्याला संपूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. बाबागाडी 79 सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा 132 सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी; ओढायच्या गाड्या तर आत सोडतच नाहीत. दूध पाजणे, लंगोट बदलणे यासाठी मेन स्ट्रीटच्या टोकाला बेबी केअर सेंटर आहे, आणि दुपारच्या उन्हात त्याची किंमत कळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: उंचीची अट नाही म्हणजे भीती वाटणार नाही, असे नव्हे. स्नो व्हाइट आणि पिनोकिओ यांच्या सफरी अंधाऱ्या आहेत. मूल अंधाराला बुजत असेल, तर त्या वगळाव्यात.