माया गावासाठी स्वस्त चूल डिझाइन करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या टीमला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या, माया या मूळनिवासी लोकांच्या एका गावासाठी स्वस्त, कमी लाकडात चालणारी, धूर घराबाहेर काढणारी चूल बनवायची आहे. डिझाइन कुठून सुरू करावं?

मक्यापासून करा. तिथे मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन दळतात आणि तोर्तिया म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या थापतात. या चुन्यात शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. म्हणजे चुलीला दोन अगदी वेगळी कामं आली. एक, मोठं जड भांडं बराच वेळ उकळत ठेवायचं. दुसरं, एका वेळी बऱ्याच तोर्तिया बसतील एवढा रुंद तवा तापता ठेवायचा. तुम्ही कॉलेजात पाच लिटर पाणी किती मिनिटांत उकळलं ते मोजाल, पण निश्तामालचं भांडं तुमच्या चुलीवर उकळलंच नाही तर बाई अंगणात तीन दगड मांडणार. म्हणून तव्यात काढता येतील अशा गोल कड्या ठेवा, म्हणजे भांड्याच्या तळाला थेट ज्वाळ लागेल. आणि हो, २४०० मीटर उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पुण्या-मुंबईत घेतलेले आकडे तिथे जुळणार नाहीत.

दुसरी चूक जुनी आहे. ४ फेब्रुवारी १९७६ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे ‘लोरेना’ चूल आली. लोदो म्हणजे चिखल, आरेना म्हणजे वाळू, त्यावरून हे नाव. जाड मातीचा ठोकळा उष्णता धरून ठेवील, अशी कल्पना. ठोकळ्याने ती धरली खरी, पण भांड्याच्या वाट्याची. पुढे मोजून पाहिल्यावर ही चूल उघड्या चुलीपेक्षाही जास्त लाकूड खाऊ शकते असं दिसलं. विद्यार्थ्यांच्या रेखाटनात आजही हाच ठोकळा नव्या नावाने येतो. जळणाभोवती जड माती नको, हलका आणि हवा कोंडलेला थर हवा. तो तिथे फुकटात मिळतो, कारण देश ज्वालामुखींचा आहे आणि प्युमिस हा हलका, सच्छिद्र दगड मुबलक. खडा पाण्यात टाकून बघा, तरंगला तर घ्या. नाहीतर चाळलेली कोरडी राख. ओली राख भरली तर पहिले काही दिवस चूल तापतच नाही.

जळणाची जागा काटकोनात वळलेली, आतून १२ × १२ सेमी. भिंतींना साधारण अडीच सेमी जाडीच्या भाजक्या मातीच्या फरश्या. सिमेंट आगीला लावू नका, तडकून पापुद्रे सुटतात. लाकडाखाली तीन-चार सेमी उंचीची जाळी, म्हणजे हवा खालून जाईल. जाळी लवकर जळते, म्हणून गावातल्या लोहाराला पुन्हा बनवता येईल अशी साधीच ठेवा.

तव्याखालच्या फटीत बहुतेक जण गडबडतात. गणित सोपं आहे: जळणाच्या जागेची नळी वर जाते तिचं क्षेत्रफळ १२ × १२ म्हणजे १४४ चौरस सेमी, तिच्या वरच्या तोंडाचा परीघ ४८ सेमी, भागाकार ३ सेमी. फट पाच सेमी ठेवलीत तर गरम वायू तव्याला न शिवता खालूनच पळतो. दीड सेमी ठेवलीत तर धूर पुढच्या तोंडातून स्वयंपाकघरात येतो. आपल्या चुलीच्या मागे वैल असतो ना, तसा तव्याचा मागचा भाग आपोआप मंद आचेचा होतो. फ्रिहोल, म्हणजे काळा घेवडा, तिथे छान शिजत राहतो.

तवा चार-पाच मिमी पोलादाचा. ७५ सेमी लांबीचा पत्रा ४०० अंशांनी तापला की साडेतीन मिमीच्या वर वाढतो. कडेला तेवढी मोकळीक सोडा, ती राखेने भरा. सिमेंटने घट्ट बसवलेला तवा मधोमध फुगतो, कड्या बसेनाशा होतात आणि तिथून धूर येतो.

धुराडं चार इंची, छपराच्या वर निदान ६० सेमी. आत चारी बाजूंनी एक सेमी काजळी चढली की १० सेमीचा व्यास ८ होतो आणि वाट ३६ टक्क्यांनी कमी. ओकोते म्हणजे राळेचं पाइनचं लाकूड पेटवणाला वापरतात, त्याची काजळी भरपूर. मे ते ऑक्टोबरच्या पावसात सरपण ओलं असतं, तेव्हा आणखी. म्हणून धुराड्याच्या बुडाशी हात जाईल एवढं झाकण हवंच. आपल्याकडच्या निर्धूर चुलींचीही धुराडी बुजली की त्या धूर सोडू लागत, हे आठवत असेल.

चूल दिली की आजार गेला, असं अहवालात लिहू नका. ग्वाटेमालाच्याच सान मार्कोस भागात माम ही माया भाषा बोलणाऱ्या कुटुंबांमध्ये ‘रेस्पायर’ नावाची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. धुराड्याच्या चुलीने मुलांना मिळणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला. तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. शिवाय तिथल्या घरांत वाफेच्या स्नानाची बंद खोली असते, तिथला धूर तुमची चूल काढत नाही. थंडीत शेकायला उघडी आग लागते, तेही काम इन्सुलेट केलेली चूल करत नाही. याचं उत्तर माझ्या मते चुलीत नाही, भिंती-छपराच्या फटी बुजवण्यात आहे.

उंची ठरवताना आपला ओटा डोळ्यांपुढे आणू नका. बायकांची उंची बहुधा दीड मीटरच्या आतबाहेर. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या, त्यातून १० सेमी वजा करा.

लाकडाची बचत ढीग बघून मोजू नका. तिथे लाकूड ‘तारेआ’ या ढिगाच्या मापाने विकतात आणि ओलं-सुकं सगळं एकच धरलं जातं. तराजू न्या, चूल बसवण्याआधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस त्याच घरात रोजचं सरपण तोला, जेवणारी माणसं मोजा आणि अंगणात तीन दगड अजून गरम आहेत का, तेही रोज वहीत लिहा.