माग विकल्यावरची झोप

प्रश्न : मी 37 वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो. मित्राबरोबर मराठीतून गप्पा मारायचं, फोटो टाकायचं एक ॲप काढलं होतं. ते छान चाललं. बंगळुरूच्या एका कंपनीनं विकत घेतलं, करारानुसार दीड वर्ष त्यांच्याकडे काढलं, आता आठ महिने घरी आहे. पैशाची ददात नाही. पण रात्री एक वाजता तेच ॲप उघडून लोकांच्या तक्रारी वाचत बसतो. मायस्पेस ही सोशल मीडियाची वेबसाइट काढणारा टॉम कंपनी विकून कॅमेरा घेऊन जगभर फिरतोय, मग मलाच असं का होतंय? शिवाय रोज कुणीतरी ‘आमच्यात पैसे घाला’ म्हणत दारात उभं. काय करू?

उत्तर : ‘रात्री एक’ वाचून हसू आलं. माझी वेळ अडीचची होती. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच माझे चोवीस माग होते, टॉवेलचे. त्या खडखडाटात गाढ झोपायचो आणि वीज गेली की दचकून उठायचो. 2009 साली माग विकले, तेव्हापासून रोजच वीज गेल्यासारखं. लोखंड भंगारात किलोवर गेलं. धोटे, म्हणजे मागातून आडवा धागा नेणारे लाकडी ठोकळे, घेणाऱ्याला नको होते, ते पोत्यात भरून ठेवले. एक अजून टेबलावर आहे, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

टॉम अँडरसनचा हिशेब मात्र नीट मांडू. 2005 साली न्यूज कॉर्पोरेशननं 58 कोटी डॉलर मोजले ते इंटरमिक्स या मायस्पेसच्या मालक कंपनीसाठी. सगळे काही टॉमच्या खिशात गेले नाहीत. त्यानंतरही तो 2009 पर्यंत तिथंच होता. कॅमेऱ्याचा नाद लागला 2011 मध्ये, नेवाडाच्या वाळवंटातल्या बर्निंग मॅन मेळ्यात. म्हणजे विक्रीनंतर सहा वर्षांनी. तुमचे आत्ता कुठे आठ महिने झालेत! आणि त्याच 2011 मध्ये मायस्पेस साडेतीन कोटी डॉलरला पुन्हा विकलं गेलं.

मायस्पेसवर खातं उघडलं की पहिला मित्र आपोआप टॉमच असायचा, पांढऱ्या टीशर्टात, खांद्यावरून मागे बघणारा. लोकांनी आपल्याला विचारावं याची चटक लागते हो. मला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, रोज सकाळी विचारायचा, “मालक, आठ नंबरचं काय करू?” तुम्ही तक्रारी वाचता त्या त्यासाठीच. ॲप फोनमधून काढून टाका असं सांगणार नाही; मीही दोन वर्षं रिकाम्या शेडमध्ये मुद्दाम चक्कर मारत होतो.

पैसे मागणाऱ्यांना ‘गड्डा झाल्यावर बघू’ म्हणा, म्हणजे आपली संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा. निम्मे संक्रांतीपर्यंत टिकत नाहीत. व्हॉट्सॲप काढून विकणाऱ्या ब्रायन ॲक्टननं 2018 मध्ये सिग्नल या तशाच मेसेजच्या ॲपसाठी 5 कोटी डॉलर दिले, पण ते काम त्याच्या हातातलं होतं. मेहुण्याच्या मित्राच्या हॉटेलातलं तुम्हाला काय कळतं?

त्यापेक्षा ज्यात आपण अगदीच ढ आहोत, असं काहीतरी धरा. मी तेलुगू लिहायला-वाचायला शिकलो. बोलता यायचं, मागावरच्या तेलुगू कामगारांचं, निम्मं शिव्यांचं. शिकवायला माझ्याकडे एकवीस वर्षं माग चालवलेला माणूस. पहिल्या दिवशी वही बघून म्हणाला, “मालक, हे पुन्हा काढा.” दुसऱ्या आठवड्यात त्यातलं ‘मालक’ गेलं.