खोक्यावर ४५०, आत २१६

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी ‘प्रिंटर कागद ओढत नाही’ म्हणून लिहिणारी माणसं एकदम ग्राफिक कार्डाबद्दल विचारायला लागतात. यंदा त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली, कारण सोबत दुकानाचं कोटेशन होतं, आणि कोटेशन हातात आलं की मला राहवत नाही. महाप्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं सर्किट बोर्ड तपासायच्या टेबलावर काढली. आता ऐरोलीत, घरच्या जेवणाच्या टेबलावर, ओळखीतल्या मुलांचे पीसी जोडून देते. त्या दिवशी घरातली माणसं ताटं हातात घेऊन जेवतात.

ताई, मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासालाही होईल आणि गेमही खेळता येतील असा पीसी त्याला हवाय. आम्ही ६०,००० जमवले आहेत. दुकानदाराने ६८,००० सांगितले : रायझन ५ ५६००जी, लिक्विड कूलर, ३२ जीबी रॅम (एक पट्टी), आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं कार्ड, ६०० वॉटचा एसएमपीएस, सहा रंगीत पंख्यांचं काचेचं कॅबिनेट, शिवाय एसएसडी आणि बोर्ड. स्क्रीन यांच्या ऑफिसातून आणलेली घरात आहे, २४ इंची. आठ हजार कुठून कमी करू? — एक आई, कळवा

आठ हजार तर कमी होतीलच, वर मशीनही जास्त पळेल. या यादीतली एकेक वस्तू सुटी पाहिली तर ठीक आहे, जोड्या मात्र फसल्या आहेत.

५६००जी मधला ‘जी’ म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच एक लहानसं ग्राफिक. वेगळं कार्ड लावलं की ते बसून राहतं, पण त्याची किंमत तुम्ही आधीच मोजलेली असते. साध्या ५६०० मध्ये कॅशे मेमरी, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये १६. गेमला ही मेमरी लागते. दुसरं, प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, ५६०० मध्ये चौथ्या पिढीचा आहे आणि ५६००जी मध्ये तिसऱ्या.

आता त्याच्या शेजारी बसवलेलं कार्ड बघा. ६५०० एक्सटी लांबलचक स्लॉटात बसतं, पण लेन वापरतं चारच. चौथ्या पिढीच्या रस्त्यावर चार लेनमध्ये निभावतं. तिसऱ्या पिढीवर त्याच चार लेनमधून निम्माच माल जातो. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्डाला सारखं रॅमकडे धावावं लागतं, आणि तेही त्याच अरुंद वाटेने. घोडबंदर रोडची गाडी गायमुखला येऊन कशी अडते, तसंच. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे मुलाला खेळतानाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर तो भार प्रोसेसरवर. दुकानदाराने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. जो माल पडून होता तो एका कागदावर लिहिला, एवढंच झालं असावं.

मी तुमच्या जागी असते तर सुरुवात स्क्रीनपासून केली असती. ऑफिसातून आलेली २४ इंची म्हणजे बहुधा १९२० बाय १०८०, आणि ६० हर्ट्झ. ती सेकंदाला ६०च चित्रं दाखवते. कार्डाने १४० काढली तरी तुमच्या मुलाला दिसणार ६०. म्हणून फार मोठं कार्ड आज नकोच. आरएक्स ६६००, ८ जीबीचं, या स्क्रीनला पुरून उरतं आणि १३२ वॉटच मागतं. तुमच्या साठातले साधारण ३५ ते ४० टक्के या एका वस्तूला द्या. त्याच्यासोबत साधा रायझन ५ ५६००. बोर्ड बी५५० चिपसेटचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बी४५० चालेल, फक्त दुकानातच बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर नवा प्रोसेसर ओळखत नाही आणि मग घरी काळ्या स्क्रीनसमोर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

लिक्विड कूलर काढून टाका. ५६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, खोक्यात फुकट येणारा पंखा त्याला पुरतो. मे महिन्यात जरा आवाज करेल, करू दे. काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढून जाळी असलेलं घ्या. पुढची बाजू बंद काचेची असली की पंखे सहा असोत की सोळा, तीच गरम हवा आत फिरत राहते. रंगीत दिव्यांवर मात्र माझा राग नाही. वय आहे त्याचं. जाळीच्या कॅबिनेटमध्येही दिवे मिळतात.

रॅमची ३२ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम वाचतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवायच्या. पुढे पैसे आले की उरलेल्या दोनात अजून दोन. रॅमचा आकडा मी इथे लिहीत नाही. २०२५च्या अखेरीपासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय आणि रॅम, एसएसडीचे भाव असे चढलेत की आजचा आकडा अंक छापून येईपर्यंत शिळा होईल. रॅमने बजेट ओढलंच तर एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्या, ती नंतर सहज वाढवता येते. ग्राफिक कार्डात मात्र नंतर मेमरी घालता येत नाही.

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. त्याच्याबद्दल तिसऱ्या पत्रात सविस्तर लिहिलंय, ते वाचाच. कंपनीचं नावच नसलेला ‘६०० वॉट’ मी माझ्या घरात आणणार नाही. नाव असलेला, ८० प्लस ब्राँझचा (हा वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ५५० वॉट घ्या.

पैसे देण्याआधी मुलाला विचारा, की तू मशीन लर्निंग किंवा ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) करणार आहेस का? त्या कामाचं बरंचसं सॉफ्टवेअर कूडावर, म्हणजे कार्डाकडून गणितं करून घ्यायच्या प्रणालीवर, चालतं आणि कूडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डात असतं. उत्तर ‘हो’ असेल तर आरटीएक्स ३०५० घ्या, गेममध्ये ते ६६०० च्या मागे पडेल हे धरून. पण ८ जीबीचंच बघा. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलंय, त्यात फक्त मेमरी कमी नाही, आतले कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, तेही कापलेत. खोक्यावर नाव मोठ्या अक्षरात ३०५०च.

काकू, मी ऐरोलीला राहतो, आत्ता अकरावीत गेलो. एक जण १८,००० ला गेमिंग पीसी देतोय. आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड. व्हॅलोरंट खेळायचंय. मित्र म्हणतात आय७ म्हणजे बेस्ट. घेऊ का?

अरे, आय७ कितवा? हे नाव २००८पासून चालू आहे. तू पाठवलेल्या फोटोत आय७-३७७० दिसतोय. तो २०१२चा आहे, तेव्हा तू शाळेतही जात नव्हतास. आजचा साधा आय३, उदाहरणार्थ १२१००एफ, त्याच्यासारखेच चार कोर घेऊन त्याच्या बराच पुढे जातो. ४ जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७३०, २०१४चं. त्यावर मेमरी भरपूर लावली आहे पण जुनी, डीडीआर३. बारीक नळाला मोठी टाकी जोडल्यासारखं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे लागतो. जुगाड करून ११ टाकलंस तरी त्यावर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतं. म्हणजे ज्या गेमसाठी १८,००० घालवणार, तोच उघडणार नाही.

थोडा थांब, अजून पैसे जमव आणि वरच्या पत्रात मी ज्याला हाकलून दिलं तोच ५६००जी घे. कार्ड नसेल तेव्हा तो हिरा आहे. पोटातल्या ग्राफिकवर व्हॅलोरंट कमी सेटिंगला नीट चालतं. फक्त त्याची ग्राफिक मेमरी रॅममधूनच जाते, म्हणून दोन पट्ट्या हव्यातच. एकच लावलीस तर तुझं तुलाच कळेल. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नकोस, नाहीतर ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि दोष प्रोसेसरला. कार्ड बारावीनंतर. हे तुझ्या आईने मला लिहायला सांगितलेलं नाही, मीच सांगतेय.

मॅडम, आमच्या पीसीवर ऑफिसचं काम दिवसभर चालतं. मुलाने गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत आपोआप रीस्टार्ट होतो. दुकानवाला व्हायरस म्हणतो, दोनदा फॉरमॅट झाला. कॅबिनेटला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात. — कोपरखैरणे

तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका. ऑफिसच्या कामात कार्ड झोपलेलं असतं, गेममध्ये ते पूर्ण वीज मागतं. तेव्हाच मशीन बंद पडत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर, दुसरा उष्णतेवर.

कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, ‘+१२ व्ही’ लिहिलेला रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. तिथले अँपिअर गुणिले बारा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एकावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट होतं आणि त्या रकान्यात १८ अँपिअर. अठरा बारे २१६. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून बेरीज फुगवलेली, आणि त्या लाइनी आजच्या मशीनला फारशा लागतच नाहीत. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर याच रकान्यात ४० च्या पुढचा आकडा असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ मध्ये ‘काय फरक पडतो’ म्हणत मीही असाच बिननावाचा एक घरी लावला होता. बोर्ड तपासणारी बाई, आणि स्वतःच्या घरी ही तऱ्हा. एका संध्याकाळी फट्ट झालं, मच्छर मारायच्या बॅटचा येतो तसा वास आला, आणि जाताना तो बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्कवर मुलीच्या बारशाचे फोटो होते. ते परत मिळाले नाहीत.

जुना एसएमपीएस स्वतः खोलू मात्र नका. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर भरलेले राहू शकतात.

झिणझिण्यांचं कारण वेगळं आहे, आणि ते मला जास्त गंभीर वाटतं. तुमच्या घरी त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ नसला की कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट तरंगतात. प्रवाह अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण एसएमपीएस बिघडला तर हेच कॅबिनेट पूर्ण विजेला जोडलं जाऊ शकतं, आणि त्याला वाट द्यायला अर्थ नसेल. जुन्या बैठ्या घरांत मजले चढले आणि वायरिंग मागे राहिलं, असं मी तुमच्या भागात पाहिलंय. आधी वायरमन बोलवा, मग एसएमपीएस आणा. दोन पिनांचं एक्स्टेंशन वापरत असाल तर ते आजच काढा.

यूपीएस घेणार असाल तर तिथेही खोक्यावरच्या आकड्याचं तेच : घरगुती ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. वीज गेल्यावर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता ठीक, अर्धा तास खेळायला नाही.

ताई, पार्ट ऑनलाइन मागवू की लॅमिंग्टन रोडला जाऊ? आणि जुनं ग्राफिक कार्ड घ्यावं का? मी घोडबंदर रोडला राहते, पहिलाच पीसी आहे.

पहिला आहे म्हणून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातच जा. ऑनलाइन भाव आधी लिहून ने, दोनशे-पाचशेच्या फरकासाठी भांडू नकोस. बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकाच दुकानातून घे आणि तिथेच चालू करून बघ, म्हणजे नंतर हा त्याच्यावर आणि तो याच्यावर ढकलत नाही. बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर. ‘बिलाशिवाय १८ टक्के वाचतील’ म्हणणाऱ्याला नमस्कार कर, कारण वॉरंटी बिलावर आहे. खोकी किमान वर्षभर माळ्यावर ठेव.

जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही, समोर अर्धा तास गेम चालवून दाखवत असेल तर. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते कमावणं, बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. ती सगळी वाईट नव्हती, पण पंखे झिजलेले आणि चिपची उष्णता ओढणारी पेस्ट वाळलेली असते. आरएक्स ५८० स्वस्त मिळालं तर कोर मोज. खऱ्यात २३०४ असतात. २०४८ निघाले तर ते नाव ५८०चं लावलेलं ५७० आहे. जीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे एका क्लिकवर दिसतं, ते पेन ड्राइव्हवर घेऊन जा.

घरी आल्यावर स्क्रीनची केबल ग्राफिक कार्डाला लाव, बोर्डाला नाही. माझ्याकडे ‘कार्ड चालत नाही’ म्हणून येणाऱ्या फोनपैकी कितीतरी तिथेच मिटतात. स्क्रीन १४४ हर्ट्झची घेतलीस तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ स्वतः निवडावं लागतं, नाहीतर ती वर्षभर ६० वरच चालेल.

ठाण्याहून दादरला गाडी बदल, पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतर. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि काचेचं कॅबिनेट घेतलंच असशील तर संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये ते घेऊन चढायचा विचार सोड, दुपारी तीनच्या आत परत फीर.