कुठली गोळी कशाची, हे पाकिटावरून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील निपाणीत असतात, निम्मी औषधं कोल्हापूरच्या डॉक्टरांची आणि निम्मी गावातल्या डॉक्टरांची चालू आहेत, आणि कुठली गोळी कशासाठी हेच घरात कुणाला सांगता येत नाही. यादी दिलीत ते फार बरं केलंत. त्यात टेल्मिसार्टनही आहे आणि लोसार्टनही. दोन्ही बीपीच्या, आणि दोन्ही एकाच गटातल्या. या दोन सहसा एकत्र देत नाहीत. बीपी फार उतरून चक्कर येऊ शकते, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, किडनीवर ताण येतो. स्वतःच्या मनानं कुठलीही बंद करू नका, पण आजच दोघांपैकी एका डॉक्टरांना फोन लावा आणि दोन्ही नावं वाचून दाखवा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

मी बेळगावात औषधाचं दुकान चालवतो. खानापूर, चंदगडकडची माणसंही येतात. आमच्या सीमाभागात असं दुहेरी औषध बऱ्याचदा बघायला मिळतं. मोठं दुखणं असलं की कोल्हापूर-मिरज गाठायचं, रोजच्या तक्रारीला इथलाच दवाखाना, आणि एका फाईलीत काय आहे ते दुसऱ्या डॉक्टरांना माहीत नसतं. दोघं वेगवेगळ्या कंपनीची गोळी लिहितात, पाकिटाचा रंग वेगळा, म्हणून घरचे समजतात औषधं वेगळी. "ही निळी बीपीची, ती पांढरी कसली की," असं म्हणत मावशी पिशवी काउंटरवर उलटी करतात तेव्हा त्यात एकच औषध दोन नावांनी निघतं.

म्हणून कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि मूळ औषधाचं नाव शोधा. त्याच्यापुढे बहुतेकदा 'टॅब्लेट्स आयपी' असं छापलेलं असतं, मग मिलिग्रॅमचा आकडा. त्या नावाचं शेपूट बघायचं. 'सार्टन', 'प्रिल' आणि 'डिपिन' ही बीपीची. रामिप्रिलसारख्या प्रिलवाल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि माणूस महिनाभर खोकल्याचं औषध पीत बसतो. अ‍ॅमलोडिपिननं घोट्याला सूज येऊ शकते. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल असं 'लोल' असेल तर बीपी किंवा हृदयासाठी, आणि ती एकदम थांबवणं धोक्याचं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची. 'ग्लिप्टिन' आणि 'ग्लिफ्लोझिन' शुगरची, पण ग्लिफ्लोझिनवाली कधी हृदयासाठी किंवा किडनीसाठीही देतात.

शेपटावर डोळे झाकून मात्र विसंबू नका. शेवटी 'झोल' असलेल्याच चार गोळ्या बघा: पँटोप्राझोल आम्लपित्ताची, अल्बेंडाझोल जंताची, फ्लुकोनाझोल बुरशीच्या संसर्गाची, आणि अ‍ॅरिपिप्राझोल तर मानसिक आजाराची.

वडिलांच्या यादीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही शुगरची दोन औषधं एकाच गोळीत आहेत. त्यातल्या ग्लिमेपिराइडकडे नीट लक्ष द्या. ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. एकादशीचा उपवास धरला, गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली, की दुपारी घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी शुद्धीवर असतील तर लगेच साखरेचं पाणी पाजा, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उपवास करायचाच असेल तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा इतकी खाली जात नाही.

गुडघ्यासाठीची एसिक्लोफेनॅक मला टेल्मिसार्टन-लोसार्टनइतकीच खटकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक एकाच कुळातल्या. दुखणं थांबतं, पण पोटात जखम होऊ शकते, बीपी चढू शकतं, आणि सार्टनसोबत रोज घेतल्या तर किडनीला धोका वाढतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखीच. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी लिहिली असेल तर त्यापुढे दुकानातून परस्पर आणू नका. आमच्यासारख्या दुकानदारांनीही ती तशी देऊ नये. पॅरासिटामॉलवर भागतंय का, ते विचारा, आणि क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चाललीय हे सांगणारी रक्ताची तपासणी कधी झाली होती तेही बघा.

शेवटी तुम्ही विचारलंय, पँटोप्राझोल बंद केली तर चालेल का. ती दुखण्याच्या गोळीपासून पोट सांभाळायला दिलेली असू शकते. तसं असेल तर दुखण्याची गोळी थांबल्यावर तिची गरज उरते का, हे डॉक्टर ठरवतील. वर्षानुवर्षं घेतली तर शरीरातलं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि मेटफॉर्मिननंही तेच होतं. वडिलांच्या पायांना मुंग्या येत असतील तर त्या शुगरमुळेच असं गृहीत न धरता बी१२ तपासायला सांगा.