प्लास्टिकच्या जाळीवर क्रोमची झळाळी

प्रश्न : माझ्या मोटारीच्या पुढच्या प्लास्टिकच्या जाळीवरील क्रोमचे पापुद्रे निघू लागले होते. ते खरवडून मी त्यावर डब्यातील क्रोम रंगाचा स्प्रे मारला. पण आरशासारखी चमक येण्याऐवजी नुसताच चंदेरी-राखाडी रंग दिसू लागला आणि वरून लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) दिल्यावर तोही मंदावला. माझे काय चुकले? प्लास्टिकवर खरा क्रोम चढतो का?

उत्तर : खरा क्रोम प्लास्टिकवर चढतो आणि तुमच्या जाळीवर मुळात बहुधा तोच असावा. प्लास्टिकमधून वीज वाहत नसल्यामुळे कारखान्यात आधी त्याला धातूची पकड द्यावी लागते. एबीएस या रबराचे कण मिसळलेल्या कठीण प्लास्टिकचा भाग क्रोमिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या गरम मिश्रणात बुडवला, की त्यातील रबराचे सूक्ष्म कण निघून जातात आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. त्यांत पॅलेडियमचे कण बसवून, विजेशिवाय केवळ रासायनिक क्रियेने निकेलचा किंवा तांब्याचा पातळ थर देतात. हा थर छिद्रांत रुतून बसला, की मग विजेच्या साहाय्याने तांबे, निकेल आणि सर्वांत शेवटी क्रोमियम चढवले जाते. क्रोमियमचा हा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो; त्याखालची सपाटी आणि बरीचशी चमक तांबे-निकेलाचीच असते. या प्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या क्रोमिक आम्लातील षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) कर्करोगकारक असल्याने ती घरी करून पाहण्याचा विचारही मनात आणू नये, असे मी कळकळीने सांगतो.

आता तुमच्या स्प्रेविषयी. त्या रंगात ॲल्युमिनियमच्या अतिशय बारीक चकत्या असतात आणि त्या माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक सपाट पडल्या, तरच प्रकाश आरशासारखा परततो. पापुद्रे खरवडलेल्या जागेवर उरलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक ओरखडा त्यांना तिरके करतो, म्हणून चमक विखुरते आणि राखाडी दिसते. लॅकरमधील द्रावकाने या चकत्या पुन्हा हलतात. दुसऱ्या वेळचा मंदपणा त्यामुळे आला.

जाळी सुटी काढून सैल झालेला सगळा धातू हातमोजे घालून काढावा, कारण त्या पापुद्र्यांची धार पात्यासारखी असते. मग ४००, ८०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी वापरून घासावे, तेलकटपणा पुसावा आणि प्रायमरनंतर चकचकीत काळा रंग द्यावा. सगळे यश या काळ्या थरावर अवलंबून आहे. तो पूर्ण वाळल्यावर त्यात खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब पाहावे. चौकटीची रेघ सरळ दिसली तर पुढे जावे. ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसत असेल, तर २००० नंबरच्या पेपरने घासून पुन्हा काळा थर द्यावा. त्यावर क्रोमचा रंग अगदी विरळ हातांनी मारावा. भिजेपर्यंत मारलेला रंग हमखास बिघडतो. लॅकर देण्यापूर्वी हा थर काही दिवस न शिवता वाळू द्यावा आणि त्याच कंपनीचे, त्या रंगासाठी सांगितलेले लॅकर वापरावे. तरीही थोडी चमक कमी होणारच, हे आधीच मान्य केलेले बरे.

सुट्या भागाच्या मागे कोरलेली अक्षरेही वाचावीत. ती ‘पीपी’ अशी असतील, तर तो भाग पॉलिप्रॉपिलीनचा आहे. बंपरसाठी बहुधा हेच वापरतात, आणि त्यावर चिकटपणा वाढवणारा खास प्रायमर न दिल्यास कोणताही रंग सालीसारखा निघून येतो.

यापेक्षा सरस आरसा हवा असेल, तर चांदीच्या क्षाराचे द्रावण आणि क्षपणकारक (क्षारातून चांदी मोकळी करणारे) द्रावण एकाच वेळी फवारून चांदीचा थर देणारे कारागीर असतात. त्याची झळाळी खऱ्या क्रोमच्या बरीच जवळ जाते. मात्र अमोनियायुक्त चांदीचे द्रावण साठवून ठेवल्यास स्फोटक होऊ शकते, म्हणून हे काम जाणकारांवरच सोपवावे.

जाळीतील बोधचिन्हामागे अंतर मोजणारे रडार आहे का, हेही गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. धातूचा अखंड थर रडारच्या लहरी अडवतो. तसे असेल, तर ते चिन्ह नीट झाकून केवळ भोवतालच्या पट्ट्यांवरच काम करावे.