तांबडा मकाव कोणता, हे आधी गालावर बघ

लाल मकाव, म्हणजे लांब शेपटीचा मोठा पोपट, दिसला की सगळे पंखावरचा पट्टा बघतात. पिवळा असेल तर स्कार्लेट जात, शास्त्रीय नाव आरा मकाओ. हिरवा असेल तर दुसरी जात, आरा क्लोरॉप्टेरस. नियम बरोबर आहे, पण उडता पक्षी खालून पाहिलास तर दोघांचेही पंख लालच दिसतात, पट्टा कुठला दिसायला! त्यात दक्षिण अमेरिकेतल्या स्कार्लेटच्या पिवळ्या पिसांची टोकं हिरवी असतात. पेरूच्या तांबोपाता भागात चिखलाच्या कड्यांवर दोन्ही जाती एकत्र माती खायला येतात, तिथे ही गल्लत हमखास होते.

म्हणून गाल बघ. क्लोरॉप्टेरसच्या पांढऱ्या, उघड्या गालावर बारीक लाल पिसांच्या ठळक रेघा असतात. स्कार्लेटचा गाल जवळजवळ कोरा. बसलेल्या पक्ष्याचा बाजूने घेतलेला एक स्वच्छ फोटो पुरतो. क्लोरॉप्टेरस अंगानं थोराड, डोकंही मोठं. पण एकट्या पक्ष्यावरून आकाराचा अंदाज मी तरी धरत नाही.

जागाही नोंदव. क्लोरॉप्टेरस उत्तरेकडे पूर्व पनामापर्यंतच जातो, त्यामुळे होंडुरासमधला रानटी लाल मकाव स्कार्लेटच. तिथला तो राष्ट्रीय पक्षी आहे. मध्य अमेरिकेतल्या उपजातीत पिवळा थेट निळ्याला भिडतो, मधे हिरवा जवळपास नसतोच.

आपल्याकडे पिंजऱ्यातला मकाव बघून जात ठरवणार असशील तर जपून. पाळलेल्यांत संकर सर्रास होतात. गाल एकाचा आणि पंख दुसऱ्याचा निघाला तर सरळ 'संकर असावा' असं लिही.